रेनॉक्स डीसीआर-२५० : परसातल्या किड्यांचं स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक शार्प फोटो करणं) करणार असाल तर नक्की घ्या

कॅननची साधी ५५-२५० एसटीएम लेन्स आणि तिच्यापुढं बसणारी ही रेनॉक्सची क्लोज-अप काच, एवढ्यावर मी घरामागच्या भरिताच्या वांग्यांवरचे आणि जास्वंदीवरचे किडे टिपतो, आणि जळगाव-भुसावळकडं कोणी मॅक्रो (बारक्या जिवांचे अगदी जवळून फोटो) सुरू करायच्या विचारात असेल तर महाग लेन्सच्या मागं लागायच्या आधी ही एकदा वापरून बघाच भो.

८ डायॉप्टर ताकदीची छोटीशी काच आहे, ५२ ते ६७ एमएमच्या कुठल्याही लेन्सवर चिमट्यासारख्या अडॅप्टरनं बसते. लेन्स इन्फिनिटीला ठेवून २५० एमएमला झूम केलं की सेन्सरवर किडा खऱ्या आकाराच्या दुप्पट येतो, अंतर राहतं साधारण साडेबारा सेंटिमीटर. झूम कमी केला तर कोपरे काळे पडतात, पण किड्यांसाठी झूम कमी करतंय कोण!

आता मुद्द्याचं. दुप्पट आकाराला लेन्सचं छिद्र एफ/८ ठेवलं तरी शार्प पट्टा एक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढाही नसतो, म्हणजे ढालकिड्याचा डोळा शार्प आला तर त्याच्या मिशा गेल्या. छिद्र आणखी बारीक, एफ/२२ करून बघाल तर डिफ्रॅक्शनमुळं (बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो त्यामुळं) अख्खा फोटोच मऊ पडतो. म्हणून मी म्हणतो, स्टॅकिंग करायचंच नसेल तर या काचेची निम्मीच मजा मिळेल.

मी रेल (कॅमेरा स्क्रूनं थोडाथोडा पुढं सरकवायची पट्टी) वापरत नाही. किडा पानावर, पान हवेवर, रेलचा स्क्रू फिरवेपर्यंत तो गेलेला असतो. मॅन्युअल फोकस, बर्स्ट (एकापाठोपाठ फोटो) चालू, कोपर गुडघ्यावर टेकवून श्वास रोखायचा आणि अंग हळूच पुढं झुकवायचं, आधी मिशी मग डोळा मग पाठ, असे आठ-दहा फ्रेम नीट मिळाले तरी फोटो बनतो. फ्लॅशवर ट्रेसिंग पेपर लावा नाहीतर ढालकिड्याच्या चकचकीत पाठीवर नुसता पांढरा डाग दिसेल, आणि बर्स्टला फ्लॅश पुरायचा तर पॉवर एकदम कमी ठेवा.

वेळ म्हणाल तर आपल्याकडची हिवाळ्यातली पहाट. डिसेंबर-जानेवारीत खान्देशात थंडी चांगलीच कडक पडते, किड्यांचं अंग बाहेरच्या हवेएवढंच गार असतं त्यामुळं ऊन लागेपर्यंत ते हलतच नाहीत, अंगावर दव असतं, वाराही पडलेला. लाल ढेकण्या अशा वेळी अगदी जवळ जाऊ देतो. काही जण किडा फ्रिजमध्ये ठेवून गार करतात, मला ते अजिबात पटत नाही, ज्याचा फोटो काढायचा त्याचाच जीव धोक्यात घालून कसला आलाय फोटो. पहाटे उठा ना!

फ्रेम जोडायला मी झिरीन स्टॅकर वापरतो, ३० दिवस फुकट वापरून बघता येतं. त्यात पीमॅक्स आणि डीमॅप अशा दोन पद्धती आहेत. वांग्याच्या पानावरची लव, किड्याच्या पायावरचे केस, एकमेकांवरून गेलेल्या मिशा, हे पीमॅक्स फार सुंदर सोडवतं पण नॉइज वाढवतं आणि रंग थोडे भडक करतं. डीमॅप रंग जसेच्या तसे ठेवतं, गुळगुळीत पाठीला तेच बरं, पण केसांभोवती धूसर कडा येते. मी दोन्ही काढतो आणि पीमॅक्समधले केस डीमॅपवर रिटच करून घेतो, वेळ जातो पण मावा खाणाऱ्या ढालकिड्याचा एकेक केस दिसला की तो वेळ गेल्यासारखा वाटतच नाही.

एक सांगून ठेवतो, चिमट्याचं अडॅप्टर काढ-घाल करायला झकास आहे पण लेन्सवर आणखी घट्ट बसवायची असेल तर या लेन्सच्या ५८ एमएमच्या आट्यावरून ४३ ला नेणारी स्टेप-डाउन रिंग घ्या, काचेचा स्वतःचा आटा ४३ चाच आहे. आणि फुलपाखरं, चतुर असले लांबूनच उडणारे जीव हवे असतील तर २५० नको, ४.८ डायॉप्टरची डीसीआर-१५० घ्या, तिला साधारण वीस सेंटिमीटरवरून काम करता येतं.