बॅरनचे पैसे घेतले, बाराटांगला नेलं

अंदमानला जाणार असाल तर हे वाचून जा. बाबांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी म्हणून बॅरन बेट फळ्यावर कितीदा काढलं असेल, पण पाहिलं कधीच नव्हतं. म्हणून पोर्ट ब्लेअरच्या एका एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘वोल्केनो आयलंड बोट ट्रिप, बेटावर उतरायची परवानगी आमच्याकडे’ असं लिहून काळ्या डोंगरातून निघणाऱ्या धुराचा फोटो धाडला, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. माणशी 9,500, चौघांचे 38,000, तेही त्याच्या खासगी यूपीआयवर. पावती तिथे देतो म्हणाला.

पहाटे दारात गाडी आली. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगेत थांबलो तेव्हा बाबा अस्वस्थ झाले. "अरे, बॅरन तर भर समुद्रात. हा जंगलाचा रस्ता कुठे चाललाय?" ड्रायव्हर म्हणाला, "आगे बोट है." होती. मिडल स्ट्रेटची खाडी ओलांडून गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट. पलीकडे बाराटांग बेट. थोडी चढण चढलो, तर कुंपणाच्या आत करडा चिखल आणि मधूनच फुटणारा एखादा बुडबुडा. बाहेर ओघळलेल्या चिखलाला बाबांनी बोट लावलं. "गार आहे रे," एवढंच बोलले.

चिखलाचा ज्वालामुखी जरूर बघा, पण त्याचा लाव्हाशी संबंध नाही. जमिनीखालचा वायू चिखल वर ढकलतो. बॅरन दीडशेहून जास्त वर्षं शांत राहून 1991 मध्ये जागा झाला. 2017 च्या जानेवारीत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तो धगधगताना जहाजावरून पाहिला. पोर्ट ब्लेअरपासून तो सुमारे 138 किलोमीटर आहे. अर्ध्या दिवसात जाऊन येतो म्हणणारा खोटं बोलतोय. पर्यटकांना तिथे उतरू देत नाहीत, लांबून बोटीतूनच बघायचं. हे आधी वाचलं असतं तर त्या ‘परवानगी’पाशीच मी थांबलो असतो.

एजंटला फोन केला. "बोट भी थी, आयलंड भी है, वोल्केनो भी है, सर." त्यानंतर नंबर ब्लॉक.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, चॅटचे स्क्रीनशॉट जोडले. पैसे अजून आलेले नाहीत. ‘कुठे नेणार होते’ हे लिहिताना बाबांनी न बघता सांगितलं, "12 अंश 16 मिनिटं उत्तर, 93 अंश 51 मिनिटं पूर्व. असंच लिही."