गिनीपिग मागवताना मी कशी फसले (लांब झालंय, पण वाचा)

आधीच सांगते, यात माझाही मूर्खपणा आहे आणि तो मी लपवणार नाहीये. आमच्याकडे दोन गिनीपिग होत्या, दोघी बहिणी, त्यातली एक गेली. हा कळपातला प्राणी, एकटा पडला की कोमेजतो, आमची तर गवत समोर असूनही कोपऱ्यात तोंड घालून बसायला लागली आणि इकडे लेकीने रडून घर डोक्यावर घेतलं. जवळपास कुठे मादी मिळेना म्हणून ऑनलाइन शोधायला लागले आणि एका जाहिरातीत ते पिल्लू दिसलं. ॲबिसिनियन, म्हणजे अंगभर केसांचे भोवरे असतात ती जात, तपकिरी रंग आणि डावा कान तेवढा पांढरा. बघितलं आणि भुललेच.

समोरचा माणूस बोलायला एकदम गोड. ताई, काळजीच करू नका, आम्ही लांब लांब पाठवतो, विमानाने जातं, घरपोच मिळेल. मी पण हो हो करत गेले. कसं पाठवणार, पेटी कसली, वाटेत खाणार काय, एक प्रश्न विचारला नाही. आणि त्यानेही मला काही विचारलं नाही, हे मला आता जास्त खटकतं. ज्याला प्राण्याचं काही पडलेलं असतं तो पिल्लू देताना आपलीच उलटतपासणी घेतो, पिंजरा केवढा आहे, आधीची वयाने केवढी, नर की मादी हे कुणी तपासलं, व्हिटॅमिन सी कशातून देता (माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरातही ते तयार होत नाही). याचा एकच प्रश्न, पैसे कधी टाकताय.

टाकले. दुसऱ्या दिवशी "ट्रान्सपोर्ट कंपनी"चा मेल आला, पिल्लू आमच्याकडे जमा झालंय पण पेटी नियमात बसत नाही, एसीवाली पेटी लागेल, त्याचं डिपॉझिट भरा, डिलिव्हरीच्या वेळी परत मिळेल. हा "परत मिळेल" शब्द फार वाईट, त्याने हात सैल सुटतो. भरलं. मग इन्शुरन्स. मग म्हणे विमान बदलायच्या ठिकाणी क्वारंटाइनमध्ये अडकलंय, त्याची फी, तीही परत मिळणारी. प्रत्येक वेळी रक्कम आधीपेक्षा मोठी आणि प्रत्येक वेळी मुदत दोन तासांची.

तुम्ही म्हणाल दुसऱ्याच वेळी थांबायचं ना. थांबले होते मी. नवऱ्यालाही म्हटलं, मला हे काही बरोबर वाटत नाही. पण तेवढ्यात फोटो आला, जाळीच्या पेटीत ते पिल्लू, आणि खाली लिहिलेलं की सकाळपासून काही खाल्लेलं नाही. आता गिनीपिग पाळणाऱ्याला विचारा या वाक्याचा अर्थ. त्यांचं आतडं सतत चालू लागतं, दिवसभर खाल्लं नाही तर पोट बंद पडतं आणि प्राणी दगावू शकतो. नवराच म्हणाला, अगं पाठव, पैशाचं नंतर बघू, ते बिचारं उपाशी मरेल. आणि मी पाठवले. म्हणजे बघा, जो प्राणी अस्तित्वातच नव्हता त्याच्या भुकेपायी आम्ही पैसे भरत होतो, आणि आम्हाला नेमकं काय टोचेल हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं.

त्या फोटोत पांढरा कान उजवा होता. तेव्हा लक्षातच आलं नाही. नंतर कळलं की चोरलेला फोटो आरशासारखा उलटा केला की तो इंटरनेटवर शोधायला अवघड जातं. मी सगळं झाल्यावर तो सरळ करून शोधला तर दुसऱ्याच कुणाच्या तरी पाळलेल्या गिनीपिगचा निघाला, कित्येक वर्षं जुना.

डोकं ठिकाणावर आलं ते लसीच्या सर्टिफिकेटमुळे. कागद झकास, शिक्का, सही, सगळं. आणि आत काय, तर रेबीज, डिस्टेंपर आणि पार्व्हो. अहो या कुत्र्यांच्या लसी! गिनीपिगला नेहमीच्या अशा कुठल्याच लसी देत नाहीत. वजनाच्या रकान्यात 4 किलो. पूर्ण वाढलेली गिनीपिग साधारण 1 किलोच्या आसपास असते, हे तर पिल्लू होतं. कुत्र्याच्या पिल्लासाठी केलेला कागद याने तसाच माझ्या माथी मारला होता, प्राण्याचं नाव तेवढं बदलून.

मग मी त्यांनी दिलेला एअर वेबिल नंबर, म्हणजे विमानाने पाठवलेल्या मालाच्या पावतीचा नंबर, घेऊन बसले. हे मला आधी माहीत नव्हतं, कार्गोमध्ये काम करणाऱ्या एका ओळखीच्यांनी फोनवर समजावलं. तो नंबर 11 आकडी असतो. पहिले 3 आकडे विमान कंपनीचे. पुढचे 7 म्हणजे त्या पावतीचा नंबर, आणि शेवटचा एक आकडा म्हणजे त्या 7 आकडी संख्येला 7 ने भागल्यावर उरलेली बाकी. उदाहरणार्थ 1234567 असेल तर बाकी उरते 5, म्हणून शेवटी 5 यायला पाहिजे. 7 ने भागल्यावर बाकी 6 च्या वर जाऊच शकत नाही, म्हणून खऱ्या नंबरच्या शेवटी 7, 8 किंवा 9 येतच नाही. माझ्या नंबरच्या शेवटी 9. लेक शेजारी बसली होती, तिनेच भागाकार करून दाखवला. तरी त्यांच्या वेबसाइटवर तो नंबर टाकला की छान नकाशा यायचा आणि त्यावर विमान सरकताना दिसायचं, कारण वेबसाइटही त्यांचीच. नंबर नेहमी विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर टाकून बघा, मेलमधल्या लिंकवर नाही. अर्थात बाकी जुळली म्हणून नंबर खराच असंही समजू नका, ठगालाही भागाकार येत असेल.

पैसे थांबवल्यावर भाषा बदलली. ताईची मॅडम झाले, आणि प्राणी वाऱ्यावर सोडला म्हणून तुमच्यावर केस होईल, दंड होईल असं सुरू झालं. दोन रात्री झोप नाही. असलं काही नसतं, घाबरून एक पैसाही पाठवू नका.

आता खरं कसं पाठवतात ते मी उशिरा का होईना नीट वाचून काढलंय. पहिलं म्हणजे पोस्टाने पाठवतो म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार. युनिव्हर्सल पोस्टल युनियनच्या आंतरराष्ट्रीय टपालाच्या नियमांत जिवंत प्राण्यांना बंदी आहे, अपवाद मधमाश्या, जळवा, रेशीमकिडे असे मोजकेच. जळू पोस्टाने जाऊ शकते पण उंदीर, हॅमस्टर, गिनीपिग नाही, हे वाचून त्या परिस्थितीतही हसू आलं मला.

विमानाने पाठवायचं तर आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेचे जिवंत प्राण्यांसाठीचे नियम आहेत, दर वर्षी नवीन आवृत्ती निघते. कुरतडणारा प्राणी म्हटल्यावर पेटी दातांना दाद न देणारी पाहिजे, हवेची भोकं अशी की बाजूला दुसरं सामान लागलं तरी बुजणार नाहीत, बाहेर जिवंत प्राणी असल्याचं लेबल आणि वरची बाजू दाखवणारे बाण. आत भरपूर गवत, आणि ओलाव्यासाठी काकडीची फोड वगैरे, कारण हलणाऱ्या पेटीत बाटली गळते आणि अंथरूण भिजून प्राणी गारठतो. गुंगीचं औषध द्यायचं नसतं. गाभण मादी पाठवायची नसते. सिरियन हॅमस्टर एका कप्प्यात एकच, नाहीतर पोचेपर्यंत एकमेकांना फाडतील. आणि कडक उन्हाळ्यात कित्येक विमान कंपन्या असे प्राणी घेतच नाहीत, गिनीपिगला 30 अंशांच्या आसपासही उष्माघात होऊ शकतो. तेव्हा भर उन्हाळ्यात "उद्याच पाठवतो" म्हणणारा एकतर खोटं बोलतोय नाहीतर त्याला प्राण्याची पर्वा नाही.

देश बदलला की आणखी वेगळं. आयातीचा परवाना, सरकारी पशुवैद्यकाचा दाखला, आणि काही ठिकाणी तो प्राणीच चालत नाही. ऑस्ट्रेलियात हॅमस्टर नेता येत नाही, अमेरिकेत हवाई राज्यात पाळायलाही बंदी आहे. हे उगाच नाही, 2003 साली घानाहून अमेरिकेत आलेल्या उंदीरवर्गातल्या प्राण्यांमधून मंकीपॉक्स हा रोग प्रेअरी डॉग (कुत्रा नव्हे, खारीच्या कुळातला प्राणी) यांना झाला आणि त्यांच्यातून माणसांना, त्यानंतर आफ्रिकेतले असे प्राणी तिथे आणायलाच बंदी आली. म्हणून परवाने वगैरे नियमाने भरायची कामं असतात, पण ती सगळी बुकिंगच्या आधी होतात. पेटी नियमात बसत नसेल तर विमान कंपनी काउंटरवरच प्राणी घेत नाही. अर्ध्या वाटेत पेटीचं भाडं मागणारा मेल येतच नाही हो!

एक करा, पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉल मागा आणि कॉलवरच सांगा की पिल्लू उचला, उलटं करून पोट दाखवा, त्याच्याशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद धरा. मी मागितला होता, नेटवर्क नाही म्हणाला, दर वेळी. पैसे मागायला बरोबर नेटवर्क यायचं.

बँकेत आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली, स्क्रीनशॉट दिले. मी चार दिवसांनी गेले, लगेच गेले असते तर निदान शेवटचा व्यवहार अडवता आला असता कदाचित. लाजेपोटी गप्प बसले होते, रक्कम अजून आईला सांगितलेली नाही.

परवा तीच जाहिरात परत दिसली, नाव वेगळं, नंबर वेगळा, पांढरा कान पुन्हा डावीकडे आलेला. मी रिपोर्ट केलीय, तुम्हाला दिसली तर तुम्हीही करा.