तीन टिपा फुकट, तिन्ही बरोबर

मी एकही पैज हरलो नाही, तरी माझे 98,050 रुपये गेले. हे आधी सांगतो, कारण सट्ट्यात माणूस हरला तरच बुडतो, अशी माझी समजूत होती आणि त्याच समजुतीनं माझा घात केला.

नागपुरात शाळेपासून बास्केटबॉल खेळलो. एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे सामने बघायला पहाटे उठायची सवय जुनी. मे 2025 मध्ये टेलिग्रामवरच्या एका चॅनलमध्ये कुणीतरी मला जोडलं. तिथे सगळा खेळ 'टोटल'चा. कोण जिंकतंय ते महत्त्वाचं नाही. दोन्ही संघांचे मिळून गुण ठरलेल्या आकड्याच्या वर जाणार की खाली, ओव्हर की अंडर, एवढंच. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, बचाव आवळला जातो हे मला माहीत होतं. 2024 च्या बोस्टन-डॅलस अंतिम मालिकेत एकाही सामन्याची बेरीज 206 च्या पुढे गेली नव्हती. आपल्याला खेळ कळतो, मग हे जमेल, असं वाटलं.

ओक्लाहोमा सिटी-इंडियाना अंतिम मालिकेआधी चॅनलवाल्याचा खासगी मेसेज आला: पहिल्या तीन टिपा फुकट. अंडर, ओव्हर, अंडर. तिन्ही वेळा त्याचा आकडा 228.5. बेरजा झाल्या 221, 230 आणि 223. दुसरी टीप दीड गुणानं लागली तेव्हा मला खात्री पटली की याच्याकडे आतली खबर आहे. तो बातम्याही पाठवायचा: सट्ट्यात अडकलेला पंच टिम डोनागी, सट्ट्यापायी 2024 मध्ये कायमची बंदी आलेला टोरोंटोचा खेळाडू जोंटे पोर्टर. बातम्या खऱ्या होत्या. म्हणूनच त्यांच्या आडचा खोटेपणा दिसला नाही.

मग 5,000 रुपये 'व्हीआयपी'चे. त्यानं पाठवलेल्या लिंकवरून अ‍ॅप घेतलं, 10,000 भरले. यूपीआयवर प्रत्येक वेळी वेगळ्याच माणसाचं नाव यायचं, तिथेच थांबायला हवं होतं. चौथा सामना, अंडर, बेरीज 215. अ‍ॅपमध्ये 19,000 दिसले. परीक्षा म्हणून 4,000 काढले आणि दहा मिनिटांत ते माझ्या बँकेत जमा झाले. त्या 4,000 नी माझं डोकं फिरवलं. आणखी 50,000 घातले, सगळे पाचव्या सामन्याच्या ओव्हरवर. बेरीज 229. खात्यात 1,23,500.

काढायला गेलो तर 'आधी 30 टक्के टीडीएस भरा'. आपल्याकडे ऑनलाइन गेमच्या जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टीडीएस 2023 पासून आहे, तेवढं मला ठाऊक होतं, म्हणून शंका आली नाही. पण तो कर निव्वळ जिंकलेल्या रकमेवर असतो आणि पैसे देणारा तो कापून घेऊन उरलेले देतो. आपण आधी खिशातून भरायचा नसतो. मी 37,050 भरले. दुसऱ्या दिवशी 'खातं पडताळणी'चे 25,000 मागितले. नाही म्हणालो, तर उत्तर आलं: तक्रार केलीस तर सट्टा खेळला म्हणून पोलीस तुलाच उचलतील. मी घाबरलो. बायकोलाही सांगितलं नाही.

23 जूनच्या सकाळी सातवा सामना सुरू होता. इंडियानाचा हॅलिबर्टन पाय धरून कोसळला आणि शाळेच्या संघातल्या मित्राचा हळहळत फोन आला. बोलता बोलता त्याच चॅनलचं नाव निघालं. तो म्हणाला, "अबे, मले तं पहिल्याच मॅचले ओव्हर सांगितलं होतं त्यानं. चुकलं, सोडून देल्लं."

मी त्याला पुन्हा विचारलं. पहिल्याच सामन्याला? ओव्हर?

तो टिपा चॅनलवर न टाकता एकेकाला खासगीत का पाठवायचा, ते तेव्हा उमगलं. समजा, 800 जण आहेत. निम्म्यांना ओव्हर, निम्म्यांना अंडर. ज्यांचं बरोबर आलं त्या 400 चे पुन्हा दोन भाग, मग 200 चे. तिसऱ्या सामन्यानंतर 100 जण असे उरतात ज्यांच्या तिन्ही टिपा लागल्या. त्याला बास्केटबॉलमधलं काही कळायची गरजच नव्हती. मी त्या उरलेल्यांतला होतो.

त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. शेवटचे पैसे भरून पाच दिवस झाले होते. ज्या खात्यांत मी पैसे टाकले ती रिकामी झाली होती. पैसे गेल्याच्या तासाभरात हा फोन केला तर ते वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. माझे पाच दिवस भीतीत गेले. चॅटही त्यानं दोन्हीकडून पुसून टाकलं. माझ्याकडे उरले ते यूपीआयचे व्यवहार क्रमांक आणि दोन स्क्रीनशॉट.

जुलैत पगार जमा झाला, पण खात्यातून रुपयाही निघेना. बँकेत गेलो. दुसऱ्या राज्याच्या सायबर पोलिसांनी खातं गोठवलं होतं, त्या 4,000 साठी. तिथल्या कुणाला तरी फसवून घेतलेले पैसे माझ्याकडे वळवले होते. मॅनेजरसमोर बसून मी लिहून दिलं की ही रक्कम माझी नाही, ज्याची आहे त्याला परत द्यावी.