१९५७ ची म्हणून विकलेली १९८९ ची बोट: माझ्या २,९६,००० रुपयांचा हिशेब

जुनी अमेरिकन ॲल्युमिनियम बोट म्हणून एका मध्यस्थाने माझ्याकडून जी रक्कम काढली, ती पैशापैशासह आधीच सांगतो: इसार म्हणून यूपीआयने २५,०००, बँकेतून आरटीजीएसने २,००,०००, रोख ६०,०००, ‘मूल्यांकन प्रमाणपत्रा’चे ४,५०० आणि टेम्पोचे ६,५००, असे एकूण २,९६,००० रुपये. हे लिहिताना लाज वाटते, कारण मी एका पतसंस्थेत २६ वर्षे इतरांची कर्जाची कागदपत्रे तपासली आहेत आणि खाडाखोड असलेला एकही दाखला माझ्या टेबलावरून कधी पुढे गेला नाही. तरीही लिहितो, कारण तो माणूस आजही बोटी विकतो आहे.

पेडणे तालुक्यात शापोरा नदीकाठी आमचा तीन खोल्यांचा होमस्टे आहे. चोणक आणि तांबोशी हे मासे गरवायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी एक हलकी होडी हवी, असे दोन वर्षे मनात होते. फायबरची होडी स्वस्त पडली असती हे मला ठाऊक होते. परंतु ॲल्युमिनियमची बोट दोघांना उचलता येते, चिखलात रुतली तरी ओढून काढता येते आणि जुनी, इतिहास असलेली बोट पाहुण्यांनाही आवडेल, हा विचार मला तेव्हा योग्य वाटला आणि आजही त्यात मला काही चूक दिसत नाही. चूक पुढे झाली.

८ डिसेंबर २०२४, रविवार. शिवोलीच्या बाजूला माडांच्या बागेतील एका शेडमध्ये ती चौदा फुटी बोट लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली होती. मायदेशी परतलेल्या एका परदेशी गृहस्थाची ती आहे, १९५७ सालची ॲल्युमाक्राफ्ट आहे आणि संपूर्ण गोव्यात अशी दुसरी नाही, असे मध्यस्थाने सांगितले. ॲल्युमाक्राफ्ट ही अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९४६ साली सुरू झालेली खरी आणि नावाजलेली कंपनी आहे, एवढे मी आदल्या रात्री वाचून गेलो होतो. अर्धवट वाचन किती महागात पडते, हे मला त्या दिवशी कळायला हवे होते. कंपनी खरी आहे याचा अर्थ समोरची बोट त्या कंपनीची आहे असा होत नाही.

इंजिन बसवतात त्या मागच्या फळीवर आतल्या बाजूने कंपनीचे नाव आणि १९५७ हे साल ठोकलेली, काळवंडलेली पट्टी होती. मी तिच्यावरून अंगठा फिरवला. तिच्या चारही कोपऱ्यांच्या रिव्हेटांना मधोमध बारीक छिद्र होते, तर उरलेल्या सगळ्या बोटीच्या रिव्हेटांची डोकी भरीव आणि गुळगुळीत होती. छिद्र असलेला तो पॉप रिव्हेट हातातल्या साध्या गनने पाच मिनिटांत कोणीही मारू शकतो. तो फरक माझ्या अंगठ्याला जाणवला होता, हे मी शपथेवर सांगतो. जाणवला आणि मी हात काढून घेतला. जुन्या बोटीवरील नावाची पट्टी पाहाल तेव्हा पट्टी वाचण्याआधी तिचे रिव्हेट पाहा.

याहून मोठी गोष्ट बाहेरच्या बाजूला होती. मागच्या फळीच्या बाहेरून, नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड केल्यावर उजव्या हाताला येणाऱ्या वरच्या कोपऱ्यात, रंगाखाली बारा अक्षर-अंकांचा एक क्रमांक कोरलेला होता. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “तो कस्टमवाल्यांनी मारलेला नंबर, बाब. अशी बोट परत मेळची ना.” दहाच मिनिटांपूर्वी मी आयातीचे कागद मागितले होते, तेव्हा याच माणसाने सांगितले होते की बोट इतकी जुनी आहे की कस्टमचा काहीही कागद मिळणार नाही. कस्टमने क्रमांक मारला असेल तर कस्टमकडे नोंद असणारच, आणि नोंद नसेल तर क्रमांक कस्टमचा नाही. दहा मिनिटांच्या अंतराने बोललेली ही दोन वाक्ये मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली नाहीत. कर्जदाराच्या तोंडून ती आली असती तर मी फाइल त्याच क्षणी बंद केली असती. त्या दिवशी मात्र मी त्या क्रमांकाचा फोटो काढला आणि घरी सौ.ला कौतुकाने दाखवला.

३,४०,००० वरून भाव २,८५,००० वर आला, तेव्हा मला आपण जिंकल्यासारखे वाटले. प्रमाणपत्र देणारा ‘तज्ज्ञ’ मध्यस्थानेच सुचवला होता. त्याने बोट प्रत्यक्ष पाहिलीच नाही, फोटोवरून १९५७ लिहून दिले. विकणाऱ्याने सुचवलेल्या तज्ज्ञाला एक रुपयाही देऊ नका.

१५ डिसेंबरला बोट पाण्यात उतरवली. जानेवारीच्या अखेरीस तळातून पाणी झिरपू लागले. तळाचा तांबडा रंग नखाने खरवडला तर खाली पांढरी भुकटी आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले, आणि दोन ठिकाणी तर धातूऐवजी गाड्यांच्या पत्र्याला भरतात ती लांबी (पुट्टी) निघाली. शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून लाकडी होड्यांना लावतात तो तांबेयुक्त रंग तिला दिलेला होता. खाऱ्या पाण्यात तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की झीज ॲल्युमिनियमची होते, ही धातूंची साधी रीत आहे. ॲल्युमिनियमच्या बोटीच्या तळाला कोणता रंग दिला आहे, हे विचारल्याशिवाय पुढे बोलूच नका. बाकाखालचा फोम पाणी पिऊन जड झाला होता, तेही मी बाक ठोकून पाहिले असते तर कळले असते.

फेब्रुवारीत माझा भाचा आला. तो जहाजावर नोकरीला आहे. मी दुरुस्तीचे बोलत होतो आणि तो मागच्या फळीशी वाकून उभा होता. “मामा, हा नंबर तुम्ही घेण्याआधी पाहिला होता ना?” एवढेच त्याने विचारले. मग त्याने सांगितले ते असे: अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून बांधलेल्या प्रत्येक बोटीवर नेमक्या याच जागी बारा चिन्हांचा क्रमांक असणे बंधनकारक झाले. त्यापूर्वीच्या बोटींवर कंपन्या आपापल्या पद्धतीचे क्रमांक टाकत, म्हणून १९५७ च्या बोटीवर हा क्रमांक असण्याचे कारणच नाही. त्यातील पहिली तीन अक्षरे बांधणाऱ्या कंपनीची, पुढची पाच चिन्हे अनुक्रमांकाची आणि शेवटची चार तारखेची असतात. ऑगस्ट १९८४ पासूनच्या पद्धतीत या चारांपैकी पहिले अक्षर महिन्याचे असते, जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी, याप्रमाणे. त्यानंतरचा अंक वर्षाचा शेवटचा अंक आणि अखेरचे दोन अंक मॉडेलचे वर्ष दाखवतात. माझ्या बोटीचे शेवट होते सी ९८९. मार्च १९८९. पहिली तीन अक्षरेही ॲल्युमाक्राफ्टची नव्हती, दुसऱ्याच कंपनीची होती.

म्हणजे बोटीचे खरे वय पहिल्या दिवसापासून तिच्या पाठीवर लिहिलेले होते आणि त्याचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये अडीच महिने पडून होता. मी अडाणी म्हणून फसलो असे नाही. जे पाहिले, त्याचा अर्थ विचारायला मी विकणाऱ्याकडेच गेलो, म्हणून फसलो.

यापुढचा अनुभव मला फसवणुकीहून अधिक जिव्हारी लागला आहे. पोलीस ठाण्यावर गेलो तर “हा दिवाणी मामला आहे, वकील गाठा” असे ऐकवले. खोटी पट्टी ठोकून साल बदलणे आणि त्या सालाचे पैसे घेणे, यात दिवाणी काय आहे? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक हा गुन्हा आहे, त्यातील चौथ्या उपकलमाला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास गुन्हा नोंदवणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ललिता कुमारी प्रकरणात सांगितले आहे. हे मी लिहून नेले, तेव्हा अर्जावर पोच देण्यासाठी मला चार वेळा बोलावण्यात आले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर व्यवहार समोरासमोर झाला म्हणून पुन्हा ठाण्याकडेच बोट दाखवले. बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतः पाठवले. बोटींची नोंदणी करणाऱ्या कार्यालयात पहिल्या खिडकीने आयातीचा कागद मागितला, दुसऱ्या खिडकीने मासेमारीची बोट आमच्याकडे येत नाही म्हणून सांगितले, आणि तिसऱ्या खिडकीवरील गृहस्थांनी मान वर न करता विचारले, “घेण्याआधी इथे का आला नाहीत?” त्यांचा प्रश्न बरोबर होता. पण पहिल्या दोन खिडक्यांवर माझे जे तीन तास गेले, त्यांचे उत्तर त्यांच्याकडेही नव्हते. नोंदणी आणि आयातीचे कागद हातात आल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका, आणि रोख तर मुळीच नको. माझ्या ६०,००० रुपयांचा आज कोणताही पुरावा नाही.

ठाण्याने नकार दिल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. मी ती पाठवली आहे. सोबत क्रमांकाचा, पट्टीच्या रिव्हेटांचा आणि लांबी भरलेल्या तळाचा असे तीन फोटो जोडले आहेत. अजून उत्तर आलेले नाही.

बोट आवारात उलटी ठेवली आहे. भंगारवाला १४,००० देतो म्हणाला, मी दिली नाही, कारण ती आता पुरावा आहे. गेल्या आठवड्यात त्याच मध्यस्थाची नवी जाहिरात दिसली: सोळा फुटी, ‘१९५४ ची’, किंमत ४,१०,०००. फोटो मागच्या बाजूने काढलेला आहे आणि फळीच्या उजव्या कोपऱ्यावर एक नारिंगी लाइफ जॅकेट टाकलेले आहे. ती बोट पाहायला जाणाऱ्याने आधी ते जॅकेट उचलावे.