चार रकाने, दहा महिने: मक्शेन यांच्या शास्त्रवाचनक्रमाचा वापरानंतरचा अनुभव

रॉबर्ट मरे मक्शेन यांचा पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वर्षभरात वाचण्याचा क्रम आमच्या घरात १ जानेवारीपासून चालू आहे आणि आता ऑक्टोबर संपत आला आहे. पहिल्या महिन्यातच त्याविषयी लिहावे असे मनात होते, परंतु जानेवारीतल्या उत्साहावर विसंबून कोणाला शिफारस करणे मला योग्य वाटले नाही. मी ख्रिस्ती घरात जन्मलो, सोळाव्या वर्षी माझे दृढीकरण, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी, झाले, आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक नववर्षाच्या उपासनेहून घरी आल्यावर मी उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडला आहे. त्यापुढे निर्गम या दुसऱ्या पुस्तकातील निवासमंडपाची मापे आली की गती मंदावायची आणि लेवीय या तिसऱ्या, विधिनियमांच्या पुस्तकात वाचन थांबायचे. 'विश्वासात वाढ दे' अशी प्रार्थना आमच्या प्रार्थनासभेत दर बुधवारी होते. पण ती वाढ मंगळवारी सकाळी कशी होते, हे मला खरोखरच उमगले नव्हते.

या क्रमाची रचना आधी सांगतो, कारण तिच्यावरच पुढचे सारे अवलंबून आहे. मक्शेन हे स्कॉटलंडमधील डंडी शहरातल्या सेंट पीटर्स मंडळीचे पाळक होते. १८४२ च्या डिसेंबरअखेर त्यांनी आपल्या मंडळीसाठी हा तक्ता तयार केला. तो पाळला असता एका वर्षात जुना करार एकदा, आणि नवा करार व स्तोत्रसंहिता दोनदा वाचून होते. तक्त्यात रोज चार रकाने असतात. त्यांतले दोन कुटुंबाने एकत्र वाचायचे आणि दोन एकांतात. साधारणपणे एका रकान्यात एक अध्याय असतो, मात्र छोटी स्तोत्रे दोन-तीन एकत्र येतात आणि ११९ वे स्तोत्र काही दिवसांत वाटून दिलेले आहे. १ जानेवारीला उत्पत्ति, मत्तय, एज्रा आणि प्रेषितांची कृत्ये या चारही पुस्तकांचा पहिला अध्याय वाचायचा असतो. म्हणजे सृष्टीचा आरंभ, तारणाऱ्याचा जन्म, बंदिवासातून परतलेल्यांचे मंदिर उभारण्यासाठी निघणे आणि मंडळीचा उदय ही चार सुरुवाती एकाच दिवशी समोर येतात.

तक्त्यासोबतच्या पत्रात मक्शेन यांनी फायद्यांच्या आधी धोके लिहिले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वाचन निव्वळ रिवाज होईल, वाचणाऱ्याला आपल्या धार्मिकतेचा अभिमान वाटू लागेल, घाईघाईने पाने उलटली जातील, आणि काहींना ते न पेलणारे जू वाटेल, असे त्यांनी आपल्या लोकांना स्पष्ट बजावले होते. पुढच्याच मार्चमध्ये, मंडळीतील आजाऱ्यांना भेटत असताना जडलेल्या टायफसने ते वारले. तेव्हा ते अवघे २९ वर्षांचे होते. त्यांच्या स्वतःच्या तक्त्याप्रमाणे लेवीय लागायला अजून काही दिवस बाकी होते. हे वाचल्यापासून त्या कागदाकडे मी वेगळ्या आदराने पाहतो.

आम्ही तक्त्याची प्रत काढून ती घरातल्या मोठ्या पवित्र शास्त्राच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवली. घरचे दोन रकाने रात्रीच्या जेवणापूर्वी आणि एकांताचे दोन पहाटे, असे ठरले. सगळे मिळून रोज पाऊण तास लागतो, आणि शमुवेल किंवा लूक यांतले मोठे अध्याय असले तर थोडा अधिक. ज्यांना दहा मिनिटांचे मनन हवे आहे त्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

हा क्रम आपल्याला काही देतो आहे, अशी पहिली जाणीव मला २ फेब्रुवारीला झाली. त्या पहाटे एकांताच्या रकान्यांत ईयोबाचा पहिला अध्याय आणि रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय होता. एकीकडे एकामागून एक धावत आलेले निरोपे, गेलेली गुरेढोरे आणि कोसळलेल्या घराखाली मेलेली मुले. दुसरीकडे पौलाचे म्हणणे, की संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा निर्माण होते. एरवी रोमकरांचा तो भाग मी पाठ असल्यासारखा वाचून गेलो असतो. ईयोबाच्या राखेजवळ बसून तो वाचताना घाई करता आली नाही. 'धीर' या शब्दासाठी तेथे मूळ ग्रीकमध्ये 'हुपोमोने' हा शब्द आहे आणि त्याचा धात्वर्थ खाली टिकून राहणे असा आहे, हे आमच्या पाळकसाहेबांनी पूर्वी एका प्रवचनात सांगितले होते. ओझ्याखालून न निसटता तेथेच राहणे, हा अर्थ त्या दिवशी मनात बसला आणि पुढे जुलैत तो कामास आला.

लेवीय यंदा पार पडले, याचेही श्रेय रचनेलाच आहे. होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण हे सारे विधी एप्रिलमध्ये रोज एक अध्याय या हिशेबाने आले आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या रकान्यात स्तोत्रे होती. वेदीवरच्या रक्ताविषयी ऐकल्यानंतर लगेच त्या वेदीकडे जाणाऱ्या माणसाचे रडणे आणि गाणे ऐकू येते, तेव्हा कोरडा वाटणारा नियम जिवंत होतो. आमची भाषांतराची अडचण मात्र तेथेच सर्वांत जास्त जाणवली. जुन्या धाटणीच्या मराठीत आठवीतल्या मुलीचे वाचन अडखळे. अशा वेळी पंडिता रमाबाईंची आठवण येते. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सामान्य बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्र उतरवले, आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्या श्रमांचे मोल मला मुलीच्या अडखळण्यातून कळले.

आता जुलैविषयी लिहितो. त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. दिवसा कार्यालय आणि रात्री रुग्णालयातले बाक, असा माझा क्रम झाला. पहिले तीन दिवस मी फोनवरच्या ॲपमध्ये अध्याय नुसते पुढे सरकवले, चौथ्या दिवशी तेही थांबले. ॲप रोज आठवण करून देत असे आणि एके रात्री त्याने सलग वाचनाचा आकडा शून्यावर आणला. सहा महिन्यांचा आकडा असा पुसला गेलेला पाहून मला जे दुःख झाले, ते देवाचे वचन राहिले म्हणून नव्हते, आकडा गेला म्हणून होते. मक्शेन यांनी सांगितलेला अभिमानाचा धोका माझ्यात केव्हाच शिरला होता. यासाठीच, हा क्रम पाळू इच्छिणाऱ्यांनी छापील तक्ता वापरावा आणि ॲप घेतलेच तर त्यातली मोजणी बंद ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आईला घरी आणले त्या संध्याकाळी मी एकोणीस दिवसांनंतर पुठ्ठा उघडला. माझ्या दोन रकान्यांत पेन्सिलीच्या खुणा जेथे थांबल्या होत्या, त्याखाली कोरा कागद होता. घरच्या दोन रकान्यांत मात्र हिरव्या स्केचपेनाच्या खुणा एकही दिवस न गाळता खालपर्यंत आल्या होत्या. मुलीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आजीने पहिल्याच दिवशी विचारलं, आज कुठला अध्याय आहे? मग आई आणि मी रोज भेटायच्या वेळेत तिथेच वाचायचो. तुम्ही तेव्हा औषधं आणायला जायचा, बाबा." यहोशवातील वतनाच्या सीमा आणि गावांची लांबलचक नावे माझ्या मुलीने पलंगाशेजारी उभी राहून आजीला वाचून दाखवली होती, आणि आईने डोळे मिटून ती ऐकली होती. शेवटी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या भजनाचे एखादे कडवे आई स्वतः म्हणायची, असेही तिने सांगितले. मी बराच वेळ त्या हिरव्या खुणांवरून बोट फिरवत राहिलो.

विश्वासात टिकून राहणे हे प्रत्येकाने आपापल्या बळावर करायचे काम आहे, असे मी आजवर मानत आलो होतो. पण ज्या एकोणीस दिवसांत मी टिकलो नाही, त्या दिवसांत माझे घर टिकले होते, आणि मी परतलो तो त्यांनी चालू ठेवलेल्या वाचनात. इब्री लोकांस पत्राचा लेखक एकमेकांना रोज बोध करा आणि एकत्र मिळणे सोडू नका असे का सांगतो, याचे उत्तर मला त्या कागदावर मिळाले. म्हणून या क्रमाविषयी माझे ठाम मत असे आहे, की एकांताचे दोन रकाने प्रसंगी राहिले तरी चालतील, पण घरचे दोन राहू देऊ नयेत. जे एकटे राहतात त्यांनी मंडळीतला एखादा सोबती धरावा, फोनवर वाचले तरी हरकत नाही.

राहिलेल्या अध्यायांचे काय करावे, हा प्रश्न मी पाळकसाहेबांना विचारला. मी सुट्टीच्या दिवशी सगळे भरून काढण्याचा हिशेब मांडून नेला होता. ते म्हणाले, "मागची बाकी सोडून द्या. आज जी तारीख आहे ती वाचा. राहिलेलं पुढच्या वर्षी त्याच तारखेला येईलच." मी तसे केले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माझ्या रकान्यात यिर्मयाचा २९ वा अध्याय आला: बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना संदेष्ट्याचे पत्र, की तेथेच घरे बांधा, मळे लावा, त्यांची फळे खा, कारण सत्तर वर्षे जायची आहेत. लवकर सुटका होईल असे सांगणारे खोटे संदेष्टे तेव्हाही होते. देवाने मात्र आपल्या लोकांना मळे लावायला सांगितले.

दहा महिन्यांनी माझ्यात काय बदलले, असे कोणी विचारले तर मी मोठे दावे करणार नाही. कार्यालयात राग अजून येतो, पण पूर्वी तो संध्याकाळपर्यंत टिकायचा, आता दुपारी क्षमा मागता येते. प्रार्थनेत नुसत्या मागण्यांची यादी उरलेली नाही, सकाळच्या अध्यायातली एखादी ओळ तिच्यात येते. क्रमातल्या उणिवाही खऱ्या आहेत. रोज चार पुस्तकांत फिरताना एखाद्या लहान पत्रावर आठवडाभर थांबावेसे वाटते आणि तसे थांबता येत नाही, आणि नव्याने विश्वासात आलेल्यांना हे प्रमाण जड जाईल. त्यांनी घरचे दोन रकानेच घेऊन वर्ष काढावे.

आई आता काठी घेऊन चालते. पुढच्या वर्षाच्या तक्त्यात घरचे दोन रकाने मोठ्या अक्षरांत हवेत, असे तिने सांगितले आहे, म्हणून ती प्रत मी हाताने लिहायला घेतली आहे. फेब्रुवारीपर्यंत लिहून झाले आहे.