जुने कपडे जपायचा अ‍ॅसिड-फ्री बॉक्स: चांगलाय, पण कागद बघून घ्या

बॉक्स मजबूत आहे आणि लांबीला भरपूर, त्यामुळे आजीची रेशमी शाल फार घड्या न घालता बसली, आणि हे महत्त्वाचं कारण जुनं रेशीम फाटतं ते बहुतेक वेळा घडीवरच, तिथे टिश्यू कागदाची गुंडाळी घातली की घडी कडक होत नाही. 19व्या शतकाच्या शेवटी रेशमाला वजन यावं म्हणून कथलाचे क्षार लावायचे, असलं कापड मात्र नुसतं पडून पडूनही चिरतं, मग बॉक्स कितीही भारी असू दे.

तक्रार कागदाची. सोबतचा टिश्यू बफर्ड निघाला, म्हणजे त्यात आम्ल मारायला कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं, सुती कपड्यांना ठीक पण रेशीम आणि लोकरीला अनबफर्डच बरा, तो वेगळा घ्यावा लागला, वर्णनात उल्लेखच नाही!

आणि चिठ्ठीला खिसा नाही राव. शाल कुणाची, रफू कुणी केलं हे लिहिलेलं नसेल तर पुढच्या पिढीला ती नुसती जुनी शाल. मी पेन्सिलने कागदावर लिहून आत ठेवलंय. कोपऱ्यातलं दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याचं वेडंवाकडं रफू मुद्दाम उसवलं नाही, तेच तर आजीचं. चार स्टार, एक कागदापायी गेला.