संशोधनवाल्यांना साडेतीन तारे

हॉटेलला तारे देतात, दुकानाला देतात, रिक्षावाल्यालाही देतात. आमच्याकडं लेकरांची मापं घ्यायला आणि आयांना प्रश्न विचारायला गाड्या भरून माणसं येतात, त्यांना मात्र कुणी देत नाही. मुलगा म्हणाला, तूच दे. म्हणून लिहितेय. मी अंगणवाडी सेविका, एकोणीस वर्षं झाली. गाव बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातलं, ऊसतोडीचं. याहून जास्त पत्ता सांगत नाही, आणि आलेल्या संस्थांची नावंही सांगत नाही.

वरचे पाचातले साडेतीन तारे दुसऱ्या पथकाचे. ते सांगायचे तर आधी पहिलं पथक सांगावं लागेल. ते आलं जानेवारी २०२० मध्ये. माझ्या रजिस्टरवर ५८ लेकरं, गावात १९. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या जोड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्याबरोबर लेकरं. पाडव्याच्या आगंमागं परत. हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. पण त्यांनी विचारलंच नव्हतं. टॅबवर बोट ठेवून एकानं मलाच दरडावलं, "ताई, बाकीची मुलं अनुपस्थित का?"

मग घरोघर फिरले. एका आईला विचारलं, "गेल्या आठवड्यात आपण बालकासोबत संवादात्मक खेळ खेळलात का?" ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "अगं, लेकराला खेळवतीस का?" तर मलाच गप्प केलं. सेविकेनं उत्तर सुचवायचं नाही म्हणे. त्या बाईनं "नाही" सांगितलं आणि मांडीवरच्या पोराला टाळ्या वाजवून हसवत बसली. टॅबमध्ये "नाही" गेलं.

त्यातून २०१९ ची गर्भपिशव्यांची बातमी ताजी होती. ऊसतोडीच्या बायांच्या पिशव्या काढल्या म्हणून वर्षभर इकडं चौकशीवाले, कॅमेरेवाले, कमिट्या. बाया इतक्या कंटाळल्या होत्या की जीपचा आवाज आला की दाराला कडी. पहिल्या पथकाला ती कडी दिसली, कारण दिसलं नाही. आंगठे घेऊन गेले ते गेलेच. एक तारा. तोही गाडी अंगणात न घालता रस्त्यावर लावली म्हणून.

आता दुसरं. हे आलं २०२३ च्या धोंड्याच्या महिन्यात. अधिक श्रावण होता, लेकी माहेरी आलेल्या, गावात लेकरंच लेकरं. त्यांना हे ठाऊक नव्हतं, नशिबानं साधलं. एक मोठ्या मॅडम, एक लातूरकडची पोरगी, एक सर. टॅब नव्हता. मी म्हणाले, "फॉर्म काढा, स्वयंपाक टाकायचाय." तर मॅडम म्हणाल्या, "फॉर्म अजून केलाच नाही ताई. तुम्हाला काय जाणून घ्यायचंय ते आधी सांगा."

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. पटकन सुचेनाच. मग म्हणाले, माझी लेकरं सहा महिने जातात कुठं, आणि तिकडं त्यांना खाऊ कोण घालतं, ते मला सांगा. बसलेल्या बायांपैकी एकीनं बसल्या जागी उत्तर दिलं, "कोण घालणार? मोठी पोरगी."

पुढं फॉर्म झाला तेव्हा त्यात प्रश्न होता, आई कामावर असताना बाळाला कोण सांभाळतं? पर्याय आई, वडील, आजी, इतर. आमच्या म्हाताऱ्या आज्या तर गावात राहतात, शेळ्या आणि घर राखायला. उसाच्या फडावर आजी कुठली? बायांनी सांगितल्यावर "मोठी बहीण" हा पर्याय वर चढला आणि पुढं तिचं वय लिहायची चौकट आली. मला विचाराल तर अख्ख्या अभ्यासातलं सगळ्यात मोलाचं काम ती चौकट. "इतर"मध्ये आठ-नऊ वर्षांच्या किती पोरी गडप झाल्या असतील, देव जाणे.

खाण्याच्या प्रश्नांचीही तीच तऱ्हा. काल दिवसभरात लेकरानं किती वाट्या खाल्लं? त्यांनी तीन मापांच्या वाट्या आणल्या होत्या, चकचकीत. बाया हसल्या. आमच्यात लेकरू आईच्या ताटात काला खातं, त्याला कसली वाटी? शेवटी माप ठरलं भाकरीचं: चतकोर, अर्धी, सबंध. लातूरच्या पोरीनं बांधावरची बोरं, हुरडा आणि उसाचं कांडंही यादीत घातलं, कारण आया ते खाण्यात धरतच नाहीत.

एक माझी चूकही सांगते, नाहीतर सगळ्या चुका बाहेरच्यांच्याच वाटायच्या. दोन वर्षांच्या आतल्या लेकराची लांबी आडवं झोपवून मोजायची असते, दोनच्या वर उभं करून. आडवं मोजायला दोघं लागतात, एकानं डोकं धरायचं, दुसऱ्यानं गुडघे दाबून तळवे मापाच्या लाकडी पाटीला टेकवायचे. आमची मदतनीस मावशी रजेवर असली की मी एकटीच. तेव्हा वर्ष-दीड वर्षाच्या पोरांना भिंतीला उभं करून मोजायचे आणि तेच लिहायचे. त्यानं साधारण ७ मिलिमीटर कमी येतात, हे मला त्या सरांनी दाखवलं. एकाच पोराला आडवं मोजलं, उभं मोजलं. रागावले नाहीत. पण मला रात्री झोप लागली नाही; किती लेकरं माझ्या हातून कागदावर खुजी झाली असतील?

लाकडी पाटीला आज्यांचा विरोध होता. "मेलेल्याचं माप घेतात तसं आडवं कशाला?" सरांनी वाद घातला नाही. पाटीवर गोधडीचं पातळ फडकं टाकलं आणि डोकं धरायचं काम आजीलाच दिलं. पोरंही कमी रडली.

डिसेंबरात आमचा संप सुरू झाला, ४ डिसेंबर २०२३ ला, चालला ५२ दिवस. अंगणवाडीला कुलूप. पथकानं दुसऱ्या कुणाला धरून काम उरकलं नाही, याचे त्यांना गुण. मी मोकळी होते, तर मॅडम म्हणाल्या, फडावर येता का? लाल परीचं अर्धं तिकीट काढून गेले सांगलीकडं.

इतकी वर्षं ज्या लेकरांची हजेरी मांडली त्यांची खोप मी पहिल्यांदा पाहिली. बाया पहाटे तीनला उठतात, अंधारात फडात जातात. खोपीत नऊ वर्षांची पोरगी, कडेवर अकरा महिन्यांचा भाऊ. माझ्याच अंगणवाडीत गाणी म्हणायची ती. फॉर्म काढायच्या आधीच सांगायला लागली, "बाई, मी त्याला चहात बिस्कुट बुडवून देते. रडला की ऊस देते." कारखान्याजवळ अंगणवाडी होती, पण मधे रस्ता, आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. नऊ वर्षांच्या पोरीनं कडेवर बाळ घेऊन तो ओलांडायचा कसा, आणि खोप कुणावर सोडायची?

भावाच्या दंडाला कुपोषण मोजायची रंगीत पट्टी लावली. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळं, वर हिरवं. सप्टेंबरात तो हिरव्यात होता. खूण पिवळ्यात गेली. आई फडातून आली, तिला आकडा सांगावा लागला नाही, रंग तिलाच दिसला. तिनं पट्टी हातातून सोडलीच नाही. म्हणाली, "ही माझ्याकडंच राहू द्या." मॅडमनी दिली.

निकाल सांगायला पाडव्यानंतर आले, एप्रिल २०२४. लोकसभेची आचारसंहिता होती, ग्रामसभा नाही, म्हणून मारुतीच्या पारावर, ऊन उतरल्यावर. आधी भिंतीवर उभ्या पट्ट्यांचं चित्र लावलं, ते कुणाला कळेना. मग लातूरच्या पोरीनं रंगवलेले चिंचोके काढले आणि सप्टेंबरचा ढीग, डिसेंबरचा ढीग असे मांडले. बाया पुढं सरकल्या, पुरुषही. पिवळा ढीग वाढलेला बघून एक मुकादम उठून गेला. उपाय मात्र बायांनी काढला. माता-बाल संरक्षण कार्ड पेटीत ठेवून जातात, खोपीत भिजेल, जळेल म्हणून. मग तिकडच्या अंगणवाडीत आणि लसीला अडतं. प्लास्टिकची झिपवाली पिशवी द्या, कार्ड बरोबर नेतो. त्या वर्षी दसऱ्याला माझ्या हातानं पिशव्या वाटल्या.

मॅडम गडचिरोलीचं सांगायच्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवून नवजात बाळं सांभाळली, तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले, १९९९ साली ते जगाला कळलं. माझी जाऊ आशा कार्यकर्ती आहे. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस, हे नवजात बाळाच्या घरभेटींचे दिवस ती पाढ्यासारखे म्हणते. त्या घरभेटींचं मूळ गडचिरोलीत आहे, हे तिलाही ठाऊक नव्हतं. आमच्याच कामाची गोष्ट आम्हाला पाहुण्यांनी सांगावी, गंमतच. आणि अंगणवाडी म्हणजे खोली नव्हे, बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडकांनी बोर्डीकडं शाळाच लेकरांच्या अंगणात नेली होती, हे मी मॅडमना सांगितलं. तेवढीच फिट्टमफाट.

आता दीड तारा कापला तो कशाचा? अर्धा पैशाचा. प्रवासखर्च आणि दोन दिवसांची मजुरी पाच महिन्यांनी आली, तीही तीनदा फोन केल्यावर. एक अहवालाचा. वर्षभर आम्हाला "सह-संशोधक" म्हणत होते. अहवाल आला तो इंग्रजीत, जाडजूड. मुलानं शोधून काढलं, आम्ही शेवटच्या पानावर "स्थानिक कार्यकर्त्या" म्हणून, एका ओळीत. मराठी सार मागितल्यावर चार पानं आली. चांगली होती, पण मागावी का लागली? मॅडमना हे तोंडावर सांगितलंय. त्या ओशाळल्या, म्हणून इथंही लिहितेय.

पुढच्या कुणाला यायचं असेल तर पाडव्यानंतर पंधरा दिवसांनी या, किंवा दसऱ्याच्या आत. लसीकरणाच्या दिवशी नको. वाट्या आणू नका, दंडाच्या पट्ट्या आणा; अकरा आयांनी मागून ठेवल्यात.